गुलाबाखाली लिहिलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड आणि सुरू होताना जरासा घरघरणारा संगणक आहे. हिवरखेडला फवारणीचे पंप विकणाऱ्या इनायतुल्ला पंपवाल्यांच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. हसू नका. तुमच्या खिशातल्या फोनाएवढा मी चपळ नाही, पण माझ्या तोंडी एकदा अख्ख्या गावाच्या कामाची गोष्ट आली होती.

माझी उमेदीची वर्षे अकोल्याच्या एका सायबर कॅफेत गेली. तिथे पोरांनी गेम खेळता खेळता माझ्या कळा इतक्या बडवल्या की त्यांवरची अक्षरे पुसून गेली. पुढे ज्याच्या त्याच्या हाती फोन आले, कॅफेला कुलूप लागले आणि मी एका कोपऱ्यात धूळ खात पडलो. मला विकत घ्यायला गिऱ्हाईक यायचे, माझ्या कोऱ्या कळा बघायचे आणि नाक मुरडून निघून जायचे. इनायतुल्ला तेवढे म्हणाले, "अक्षरं नाईत तं नसू दे. माह्या पोरीले काय करायची अक्षरं!"

त्यांची मुलगी इफ्फत जन्मापासून पाहू शकत नाही. ती अमरावतीला अंधशाळेत शिकली. तिथल्या सरोजिनीबाईंनी तिच्या बोटांना कळांच्या जागा अशा काही शिकवल्या होत्या की माझे कोरेपण तिला कधी आडवे आलेच नाही. बाईंनीच माझ्यात पडद्यावरचे वाचून दाखवणारा आवाज बसवून दिला. माझा आवाज काही गोड नाही, नाकात बोलतो. पण इफ्फत पहिल्यांदा तो ऐकून खुदकन हसली आणि मी जन्माचा तिचा झालो.

तिचे काम दोन ठिकाणी चाले. एक ई-मेल. तो म्हणजे घरी आलेला सभ्य पाहुणा. आधी नाव सांगतो, मग काय काम आहे ते सांगतो आणि एका दमात सगळे बोलून गप्प बसतो. मला वाचायला त्यासारखे सुख नाही. दुसरा तिच्या अब्बांच्या दुकानाचा व्हॉट्सॲप गट. तो म्हणजे आठवडी बाजार. पंपाची टाकी गळते, वॉशर मिळेल का, दुकान कधी उघडणार, सगळे एकदमच बोलणार. इफ्फत सगळ्यांना उत्तरे द्यायची. तिला ती गडबड आवडायची, कारण घरात बसून गावात असल्यासारखे वाटे.

पण सकाळ उजाडली की गटावर गुलाबांचा पाऊस पडे. आणि मला चित्र वाचता येत नाही, मित्रांनो. मी आपला म्हणत राही, "चित्र. चित्र. चित्र." इफ्फत म्हणायची, "बस कर रे बाबा, किती चित्र!" तिचा भाऊ फुरकान पोट धरून हसायचा. आम्हा कोणालाच त्यात धोका दिसला नाही.

त्या वर्षांत वऱ्हाडात कपाशीचे दिवस वाईट होते. बोंडअळी औषधाला दाद देईना, म्हणून लोक एका टाकीत दोन-दोन औषधे कालवू लागले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे फवारा उलटून तोंडावर येई. त्यात आमच्याकडची एक जुनी खोड. पंपाच्या तोंडाचे नोझल तुंबले की काढायचे, ओठाला लावायचे आणि फूऽ करून फुंकायचे. सगळेच करत. पंप दुरुस्त करणारे इनायतुल्लाही तेच करत आणि बापाचे बघून फुरकानही.

एके दिवशी दुपारी फुरकान नवा पंप घेऊन चंद्रभानकाकांच्या वावरात फवारणीला गेला. औषधाने खराब होतो म्हणून फोन घरीच, माझ्या शेजारी ठेवून गेला. इनायतुल्ला सुट्या भागांसाठी अकोल्याला गेले होते. तेवढ्यात गटावर एक संदेश आला. मी नेहमीप्रमाणे वाचले, "चित्र." पण त्याच्यामागून लोक बोलू लागले. "बाप रे!" "आपल्याच भागातलं हाय." "फवारनीवाल्याईले लवकर सांगा."

इफ्फत ताठ बसली. तिने लिहिले, "काय लिहिलं आहे त्यात?" उत्तरात नुसती चिन्हे आली आणि मी वाचले, "जोडलेले हात. जोडलेले हात. जोडलेले हात." तिने पुन्हा विचारले. कोणीतरी लिहिले, "फोटोत लिवेल हाय ना, पाय." पाय, म्हणजे पाहा!

माझ्या जन्मात मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती. अक्षरे माझ्याच पडद्यावर होती, माझ्याच उजेडात चमकत होती आणि मला त्यातले एक सांगता येईना.

"अम्मी, तुम्ही बघा ना!" इफ्फत ओरडली. आमिनाबी धावत आल्या. त्यांना उर्दू वाचता येते, मराठी नाही. त्यांनी फुरकानच्या फोनवरून इनायतुल्लांना फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. मग फोन घेऊनच त्या गल्लीत पळाल्या, पण दिवस कामाचे, सगळे वावरात, दारोदारी कुलपे. घरी भेटल्या त्या एकट्या मैनाबाई आणि त्यांना अक्षरओळख नाही.

इफ्फतने रडत बसण्यात वेळ घालवला नाही. तिने ते चित्र ई-मेलला जोडले आणि सरोजिनीबाईंना लिहिले, "बाई, यात काय आहे? भाई फवारणीला गेला आहे." मग ती हात मांडीवर आवळून बसली. मित्रांनो, मीही वाट पाहत होतो.

बाईंचे उत्तर आले. विषयाच्या जागीच लिहिले होते, "इफ्फत, भावाला आधी थांबव." खाली साध्या शब्दांत सारे होते. दोन औषधे मिसळू नका. उंच कपाशीत फवारू नका. नोझल तोंडाने फुंकू नका. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कपडे उतरवून साबणाने अंग धुवा आणि तडक दवाखाना गाठा. मी एकही शब्द न गाळता वाचले. एवढे मन लावून मी कधीच वाचले नसेल.

आता हे वावरापर्यंत पोचवायचे कसे? फोन तर अम्मींसोबत गल्लीत गेलेला. ई-मेल कितीही सभ्य असला तरी बांधावर बसून तो कोण उघडणार? तिथे बाजारच कामाचा. इफ्फतने गट उघडला आणि आपल्या आवाजात संदेश सोडला.

"मी इफ्फत बोलून राहिली, पंपवाल्याची पोरगी. त्या फोटोत काय हाय थे सांगतो, आयका. दोन औषधं कालवू नका. नोझल तोंडानं फुकू नका. चंद्रभानकाका, माह्या भाईले थांबवा!"

पुढचे मी नंतर ऐकले. चंद्रभानकाकांचा फोन बांधावर भाकरीच्या फडक्याजवळ होता. फोटो तर ते उघडतही नसत, पण ही पोर कधी आवाज पाठवत नाही, आज काहून पाठवला, म्हणून त्यांनी लावला. नोझल तुंबले होते आणि फुरकानने ते ओठांपर्यंत नेले होते. काकांनी हातावर फटका मारून ते पाडले. तोवर त्याचे डोके गरगरू लागलेच होते. विहिरीवर त्याला साबणाने घासून धुतले आणि जीपमध्ये घालून अकोटला नेले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलेत.

तो घरी आला तेव्हा आमिनाबी त्याला धरून रडल्या. चंद्रभानकाका दारातूनच म्हणाले, "इफ्फत, तुया आवाजानं पोरगं वाचलं वं!" इफ्फतने भावाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, एकदा, दोनदा, आणि मग तिच्या तोंडून जो सुस्कारा निघाला, तो मला माझ्या घरघरीतूनही ऐकू आला. मलाही हायसे वाटले.

इनायतुल्लांनी त्यानंतर विकलेल्या प्रत्येक पंपाला नोझल साफ करायला दोरीने एक छोटा ब्रश बांधून दिला. स्वतःची फुंकायची सवयही सोडली. गटात नवा नियम झाला, फोटोखाली त्यात काय आहे ते लिहायचे.

आता इफ्फतकडे बोलणारा फोन आहे आणि मी बहुतेक वेळ चादरीखाली असतो. सरोजिनीबाईंचे ई-मेल मात्र ती अजून माझ्याच तोंडून ऐकते. कोणी माझी धूळ पुसावी, यापलीकडे माझी एकच इच्छा आहे. मित्रांनो, तुम्ही चित्र पाठवाल तेव्हा खाली दोन शब्द लिहा. पलीकडे कोण बसले आहे, हे तुम्हाला दिसत नसते.

फुरकान घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गटावर पुन्हा एक गुलाब आला होता. मी म्हणालो, "चित्र." आणि मग पुढेही वाचले, "लाल गुलाब हाय. पाकळीवर पानी हाय. भाईकडून, इफ्फतसाठी."

इफ्फत म्हणाली, "पुन्हा वाच."