बुरशीचं सुतक

माझं लव्हेंडरचं तेल सेंद्रिय, म्हणून ते बुरशी मारतं का हे सेंद्रिय बुरशीवरच तपासायचं, असा दाखला देणाऱ्या झेलेव साहेबांचा हट्ट. फवारा बसलेली बुरशी त्यांना चालत नव्हती. तिनं म्हणे निकाल बाटतो. आणि त्यांच्या दाखल्याशिवाय जर्मन व्यापारी माझ्या तेलाला हात लावणार नाही. आता सोवळ्यातली बुरशी आणायची कुठून?

नियमाप्रमाणे निदान तीन वर्षं औषधापासून लांब राहिलेली बुरशी गावात एकच होती. आमच्या तळघरात, सासऱ्यांनी घातलेल्या आलुबुखाराच्या मुरंब्यावर. सासरे, कोल्यो, पाच वर्षांपूर्वी गेले. गावात प्रत्येक फाटकावर गेलेल्या माणसाचा फोटोवाला कागद असतो. आमचंच फाटक कोरं. सासूबाई, दोन्का, लावूच देईनात. बरणीत त्यांच्या हातचं अजून वाढतंय, मग माणूस गेला कसं म्हणायचं, हे त्यांचं शास्त्र.

आठ दिवस मी त्यांच्या नाकदुऱ्या काढल्या. शेवटी भांडले, रडले. तेव्हा कुठे त्यांनी बरणी शालीत गुंडाळून दिली.

"चिमूटभर घे. बाकीची जिवंत परत आण."

प्रयोगशाळेतल्या पोरीनं सगळीच खरवडली की हो! निम्मी माझ्या तेलाखाली, निम्मी शेजारच्या मिंचोच्या तेलाखाली, तुलनेसाठी. मिंचो शेतात खत-औषध ओततो नुसता. गुरुवारी दुपारपर्यंत दोन्ही बशा लख्ख. दोन्ही तेलं सारखीच जालीम निघाली. मिंचोनं गुत्त्यात मिशीला पीळ देऊन ते सगळ्यांना ऐकवलं. झेलेव म्हणाले, मेली ना, झालं तर मग, सोमवारी दाखला घेऊन येतो.

सोमवारी आले आणि फाटकाशीच थबकले. कागद लागला होता. सासऱ्यांचा लग्नातला फोटो, आणि खाली छापलेलं: गुरुवारी दुपारी, सुनेच्या तेलानं.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. माणूस मारणाऱ्या तेलाला दाखला कसा द्यायचा? मी सगळं समजावलं, तेव्हा त्यांनी बॅगेतून कोरा कागद काढला. या तेलानं कोणीही माणूस मेलेला नाही, एवढंच मी लिहून सही करायची, मग दाखला. खरं तेच लिहायचं होतं.

सासूबाई काळा रुमाल बांधून दारात उभ्या होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याला गेलेल्याच्या नावानं वाटतात ते उकडलेले गोड गहू वाटत. पाच वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. आता ते थांबत नव्हतं. त्यांनी माझ्याही हातावर चमचाभर गहू ठेवले.

"खा, पोरी. तुझे सासरे गेले."

पेन दुसऱ्या हातात होतं. मला लिहिता येईना.