बिननावाची बातमी

शिवलिंगप्पांनी एंटर दाबलं आणि नुकताच लिहिलेला परिच्छेद त्यांच्या डोळ्यांदेखत उडी मारून वरच्या परिच्छेदाच्या डोक्यावर जाऊन बसला. त्यांनी माउस हलवला. आता तो परिच्छेद एका निळ्या चौकटीत कोंडला गेला आणि चौकटीच्या माथ्यावर बारक्या चित्रांची पट्टी उगवली. त्यातल्या कुठल्या चित्राचा अर्थ काय, हे ती पट्टी बनवणाऱ्यालाच ठाऊक. त्यांनी चिडून एका चित्रावर क्लिक केलं. परिच्छेद गायब झाला.

त्यांनी टेबलावर मूठ आपटली. स्टीलचा पेला खाली पडून घरंगळत कपाटाखाली गेला. तो काढायला ते वाकले नाहीत.

बाहेर काउंटरवर शिवानी एका गिऱ्हाइकाला लग्नपत्रिकेचं प्रूफ दाखवत होती. आप्पांची ही एकुलती एक लेक. आई गेल्यावर लातूरची नोकरी सोडून ती केजला परत आली, आणि बाजारपेठेतलं हे छपाईचं दुकान तेव्हापासून तीच सांभाळत होती. पेल्याचा आवाज तिला ऐकू गेलाच असणार, कारण तिने जागेवरूनच नेहमीचं उत्तर दिलं: राहू द्या आप्पा, कागदावर लिहून ठेवा, मी टाकते.

‘मांजराकाठ’ हे साप्ताहिक आप्पांनी ऐन पंचविशीत काढलं. छपाईचे शिशाचे खिळे स्वतः जुळवले, गठ्ठे स्वतः एसटीत टाकले, आणि छापील पेपर वाचणारे आटले तेव्हा मुकाट्याने तो इंटरनेटवर नेला. वेबसाइटवर बातमी लिहायचा जो पडदा असतो त्यालाच एडिटर म्हणतात, हे कळलं तेव्हा ते पोटभर हसले होते. इतकी वर्षं एडिटर म्हणजे तेच होते. पण तो पडदा त्यांना आवडला. एक कोरं पान आणि वर चार बटणं. वरून सुरू करायचं, खाली संपवायचं, निळं बटण दाबायचं की बातमी गावोगाव. खिळे जुळवलेल्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही.

दिवाळीच्या सुमाराला तो पडदा बदलला. आता प्रत्येक परिच्छेदाला आपली चौकट, प्रत्येक चौकटीला आपली चित्रं, आणि आप्पांच्या बोटांना मात्र कुठेच थारा नाही. शिवानी म्हणाली, कंपनीनेच बदललाय, सगळ्या जगात बदललाय, तुम्ही एकटेच कावताय. आप्पांनी त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याने कंपनीचं काही बिघडलं नाही. मग हळूहळू कागदावर लिहायचं आणि पोरीने टाकायचं, असा शिरस्ता पडला. आपल्याच पेपरात आपण पेन्शनीत निघालो, असं त्यांना वाटायचं, आणि तसं वाटलं की दोन घास कमीच जायचे.

आज मात्र ते हट्टाने स्वतः लिहायला बसले होते. कारण सकाळी म्हाळूच्या हॉटेलात त्यांची इज्जत गेली होती.

नांदूरघाटच्या रस्त्याला आप्पांचं मूळ गाव आहे. तिथे लिंगायतांची दफनभूमी आहे. तिच्या शेजारी गहिनीनाथ नावाच्या पुढाऱ्याने मंगल कार्यालय बांधलं. बड्या जमिनीचा धनी, दोन निवडणुका जिंकलेला, लग्नात सगळ्यांच्या आधी हार घेणारा माणूस. वऱ्हाडाच्या गाड्या लावायला जागा अपुरी पडली, तेव्हा त्याने जेसीबी लावून दफनभूमीचा एक कोपरा सपाट केला आणि आपल्या कुंपणात घेतला. आप्पा जाऊन पाहून आले. परतल्यावर लगेच बातमी लिहिली, गहिनीनाथचं नाव पहिल्याच ओळीत घातलं आणि कागद शिवानीकडे दिला. साइटवर आलं ते असं: ‘दफनभूमीच्या जागेत काही जणांनी अतिक्रमण केल्याची चर्चा आहे.’

आप्पांचा शाळेपासूनचा दोस्त हरिबा याने ते वाक्य आपल्या फोनवर बघून हॉटेलभर ऐकू जाईल असं मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

“का बे शिवलिंग,” तो म्हणाला, “हे ‘काही जण’ कुण्या गावचे म्हणायचे? आन् जेसीबी काय चर्चेवर चालतो का?”

सगळं हॉटेल हसलं. आप्पांना हसता आलं नाही. त्या कोपऱ्यात त्यांची बायको होती. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही ठेवत नाहीत. मांडी घालून खड्ड्यात बसवतात, हातात इष्टलिंग देतात, विभूती आणि बेलाची पानं घालून माती लोटतात. मल्लम्माला त्यांनी स्वतःच्या हाताने तिथे बसवलं होतं. वर छोटासा ओटा बांधला होता. बसवलेल्या माणसाला उठवायचं नसतं, एवढं तर दुसऱ्या जातीची माणसंही जाणतात. आता त्या ओट्याचे तुकडे कुंपणाच्या कडेला पडले होते आणि तिच्यावरून जीपगाड्या मागे-पुढे होणार होत्या.

दुकानात येऊन त्यांनी शिवानीला विचारलं होतं. प्रुफावरची नजर न काढता ती म्हणाली, की चौकटी वरखाली करताना ओळ उडाली, मग सुचलं ते भरून टाकलं. आणि आप्पांनी त्यावर विश्वास ठेवला. जे यंत्र अख्खा परिच्छेद गिळतं, त्याने एक नाव गिळलं तर नवल काय, असं त्यांना वाटलं. माणसाचा राग एकदा यंत्रावर बसला की तो माणसाकडे बघतच नाही.

परिच्छेद दुसऱ्यांदा गायब झाला तेव्हा त्यांनी बीडला शिवशंकरला फोन लावला. साइट मुळात त्यानेच उभी केली होती. इतके दिवस त्याला फोन केला नव्हता तो केवळ लाजेने. आपल्याला आता लिहिताही येत नाही, हे कालच्या पोराला कुणी सांगावं. शिवशंकरने सगळं ऐकून घेतलं आणि तो गोंधळला. म्हणाला, नवा एडिटर येऊन कितीतरी वर्षं झाली. तुम्हाला जमणार नाही म्हणून मी सुरुवातीलाच तुमच्या साइटवर एक प्लगइन टाकलं होतं, त्याने जुना एडिटरच राहतो.

“ते आपोआप बंद होत न्हाई, आप्पा,” तो म्हणाला. “कुणीतरी आत जाऊन बंद केलंय. पासवर्ड कुणाकुणाकडं हाय?”

पासवर्ड आप्पा आणि शिवानी, दोघांकडेच होता.

शिवशंकरने फोनवरूनच वाट दाखवली. डावीकडची पट्टी, तिच्यात प्लगइनची यादी, यादीतलं ते नाव, त्याच्या खाली ‘सक्रिय करा’. आप्पांनी दाबलं. पुन्हा आत जाऊन बघतात तर जुनं पान जसंच्या तसं समोर. कोरं, पांढरं, वर चार बटणं. हे पान परत आलं तर पेढे वाटीन, असं ते हरिबाला म्हणाले होते. आता ते समोर होतं आणि त्यांच्या कानशिलांतून नुसती वाफ निघत होती.

गिऱ्हाईक जाईपर्यंत ते थांबले. मग बाहेर आले.

“जुना एडिटर तू बंद केला?”

शिवानीने पेनाचं टोपण लावलं. “हो.”

“आन् नावबी तूच खोडलं.”

“हो.”

मग आप्पांच्या तोंडाला लगाम राहिला नाही. रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली तरी ते थांबले नाहीत. बापाला आंधळं करून हातात काठी दिलीस म्हणाले. हॉटेलात माझ्या तोंडाला काळं फासलंस म्हणाले. ज्याने तुझ्या आईला मातीतून उकरलं त्याला पाठीशी घातलंस म्हणाले, आणि शेवटी बोलू नये ते बोलले: त्याच्या कार्यालयात लग्नं लागतात आणि त्यांच्या पत्रिका आपल्याकडे छापतात, म्हणून का?

काउंटरवरच्या प्रुफावरही लग्नस्थळ म्हणून त्याच कार्यालयाचं नाव होतं. शिवानीने तो कागद उचलला आणि पालथा ठेवला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“झालं तुमचं?” ती म्हणाली. “आता माझं ऐका. दिवाळीच्या आधी तुमी त्याच्या रस्त्याच्या कामाची बातमी लावली, तवा दोघं जण आलते. हितंच बसले. पत्रिकेचे नमुने बघितले, च्या पिला. मग म्हणले, आप्पा रोज एकटेच गाडीवर गावाकडं जातेत, रस्ता लई खराब हाय, वय झालंय, जपायला सांगा. परवा जेसीबी लागला तवा पुन्हा आलते. पुन्हा च्या पिला.”

“मला कावून न्हाई सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुमी त्याचीबी बातमी केली असती.”

हे खरं होतं. आप्पांनी तीच केली असती, आणि पहिल्या ओळीत नाव घातलं असतं.

“तुमी आत बसून लिहिता, आप्पा. बातमीवर नाव कुणाचं? तर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. काउंटरवर मी बसते. ते बोलायला येतेत ते माझ्याशी.” तिचा आवाज आता कापत होता, पण तो रडण्याने नव्हे. “माझी आई हाय ती. खोडताना माझा हात कसा चालला असंल, ते एकदा तरी इचारा. पण ती गेलेली हाय. तुमी हायेत.”

आप्पा आत गेले. संतापाला आता बसायला जागाच उरली नव्हती. गहिनीनाथवर होताच, त्या दोघांवर आला, पोरीवर होता तो जाता जाईना, आणि स्वतःवर जो आला तो सगळ्यांत वाईट. ते तसेच लिहायला बसले. कोऱ्या पानाने त्यांना अडवलं नाही. वरून सुरू केलं: गहिनीनाथचं नाव, त्याच्या बापाचं नाव, मंगल कार्यालयाचं नाव. जेसीबी कधी आला, कुंपण कुठवर सरकलं, कोणाकोणाचे ओटे फुटले. मल्लम्माचं नाव लिहिताना ते ‘माझी पत्नी’ असं लिहायला अडखळले, मग लिहिलं. बातमीच्या शेवटी हात सवयीने ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ लिहायला गेला. त्यांनी ते लिहिलं नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिथे स्वतःचं पूर्ण नाव टाकलं.

शिवानी कधी मागे येऊन उभी राहिली, त्यांना कळलं नव्हतं. ती वाचत होती. ते भांडायच्या तयारीने वळले, पण तिने एक शब्दही बदलायला सांगितला नाही.

“माझंबी नाव टाका,” ती म्हणाली. “तुमच्या वर.”

काही गरज नाही, असं आप्पा म्हणाले. बातमी माझी, पेपर माझा, जे व्हायचं ते माझं होईल.

“तुमचं कुठून होईल? येतील ते माझ्याकडंच. मग नाव असलेलं बरं.”

बाहेर कुणीतरी झेरॉक्स विचारत आलं आणि ती गेली. आप्पांनी तिचं नाव टाकलं, वर नाही, आपल्या नावाच्या खाली. शिवानी शिवलिंग. दोन शब्द. ते त्यांनी नीट वाचले. ते दोघं उद्या पुन्हा येतील, त्याच स्टुलांवर बसतील, फोनवर हे नाव दाखवतील आणि तिच्याकडे बघून हसतील. रोज सायंकाळी शटर ओढून ती कुठल्या गल्लीने घरी येते, ते आप्पांच्या डोळ्यांपुढे आलं. त्या गल्लीत दिवे नाहीत. सकाळपासूनच्या संतापात कुठेही नसलेली भीती अशी एकदम आली की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला.

त्यांनी खोडायच्या बटणावर बोट ठेवलं. अक्षरं शेवटाकडून एकेक करून गेली. ओळ रिकामी झाली तेव्हा त्यांना मोकळा श्वास घेता आला. बातमी चांगलीच होती. नाव होतं, गाव होतं, कशाचीही भीड ठेवलेली नव्हती. ते निळ्या बटणाकडे वळले आणि दारात शिवानी उभी असलेली त्यांना दिसली. हातात झेरॉक्सचे कागद होते. ती पडद्याकडे बघत होती.

“बघा,” ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. “तुमीबी खोडलंच.”

बाहेरचा माणूस कागदांसाठी हाका मारत होता. ती हलली नाही.

आप्पांनी बाण वर नेला. आपल्या नावाच्या वर एक ओळ मोकळी केली आणि तिचं नाव पुन्हा लिहिलं. या वेळी बराच वेळ लागला. मग ते खुर्चीवरून उठले आणि बटण दाबायला तिला जागा करून दिली.