सखूबाईची अकरा पानं

साहेब, ती अकरा पानं तुम्ही चोरलीत. संपादन केलं म्हणू नका. संपादन करायला आधी वाचावं लागतं.

जानकू जिवंत होता तेव्हा तुमची स्मारक समिती कुठं होती, हे जुन्नरच्या बाजारात कुणालाही ठाऊक नाही. सिनेमातला एवढा मोठा नट, पण तो मेल्यावरच तुम्हाला आपला वाटला. त्याच्यावर पुस्तक हवं झालं. तेही चित्रांचं, कारण लोक वाचत नाहीत, असं तुम्हीच म्हणालात. मी पेठचा. मंचरला टेम्पोंच्या पाठीवर नावं रंगवत चित्रं शिकलो. असला माणूस सांगितलं तेवढंच काढील, म्हणून मला बोलावलंत.

माझ्या पुस्तकात जानकूचं डोकं एसटीत बसून मुंबईला जातं आणि हात वाडीतच राहतात. पडद्यावर तो उसन्या हातांनी प्रेम करतो, बंदूक धरतो. सिनेमागणिक डोकं फुगत जातं. शेवटी ते पोस्टरातून उपसायला क्रेन लागते. इकडं त्याचे हात पडकईला जातात. उन्हाळ्यात सगळी वाडी मिळून एकेकाची भातखाचरं बांधते, तीच पडकई. ज्याचं खाचर बांधून झालं त्यानं दुसऱ्याच्या बांधावर जायचंच. जानकूचं खाचर वाडीनं बांधलं आणि आठवड्यात हा पळाला. त्याच्या वाटची पडकई केली सखूबाईनं, त्याच्या थोरल्या बहिणीनं. वाडीतच दिलेली. सासरची पडकई वेगळी, भावाची वेगळी. बत्तीस उन्हाळे. म्हणून ते हात मी तिच्याच खांद्यांना लावले. चार हातांची बाई, अकरा पानं.

कच्ची पानं दाखवली तेव्हा चार हातांबद्दल ती काहीच बोलली नाही. चित्रातल्या बांधावर बोट ठेवून म्हणाली, "आसा बांध पयल्या पावसात जातोय, भाऊ. थोरला धोंडा खाली."

मी अकराही पानं पुन्हा काढली.

तुम्ही ती बघून हसलात. एवढ्या मोठ्या नटाची बहीण धोंडे वाहते, हे बरं दिसत नाही म्हणालात. पानं निघणार नाहीत असं मी सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत, आणि मी गाढव त्याला होकार समजलो.

प्रकाशनाला सखूबाई डोंगरातून दोन एसट्या बदलून आली. तिला वाचता येत नाही. मी सांगून ठेवलं होतं, एसटीचं पान संपलं की पुढं तूच हायेस. तुमचं भाषण रंगात आलेलं. तिनं एसटीचं पान उलटलं. पुढं तुम्ही होतात. पानभर, दुसऱ्याच कुणाकडून काढून घेतलेले, फेटा बांधून, जानकूच्या गळ्यात हात टाकून. जन्मात कधी भेटला होतात त्याला?

तिला वाटलं पानं चिकटली असतील. अंगठा जिभेला लावून तिनं कोपरा चोळून बघितला. मग शेजारच्या बाईचं पुस्तक मागून घेतलं, तेही चाळलं. आणि मला हळूच विचारलं, "माझ्याच पुस्तकात न्हाई, का सगळ्यांच्यात न्हाई?"

मूळ पानं तुमच्या कपाटात आहेत आणि माझ्याकडं त्यांची प्रतसुद्धा नाही. येत्या सोमवारी मी तिला घेऊन तुमच्या दारात येतोय. ती पानं कुठं आहेत, आणि तिच्या जागी तुम्ही कोण? मला लेखी काही नको. तिच्यासमोर बोला.