सोडतीची बाई

तळेगावच्या एका दवाखान्याला नवा वॉर्ड बांधायचा होता. त्यासाठी कलेक्टरांची परवानगी काढून एका कंपनीने सोडत सुरू केली. कंपनी म्हणजे चिंचवड स्टेशनाजवळच्या दोन खोल्या, तिकिटांचे गठ्ठे, हाताने फिरवायचं एक लोखंडी पिंप आणि मॅनेजर उद्धवराव. बाजाराच्या दिवशी कधी चाकणला, कधी दापोडीला मांडव पडायचा, पिंप फिरायचं आणि नंबर निघायचे. पहिली चिठ्ठी उद्धवरावांनी स्वतः काढली, तर लोकांनी गलका केला की मॅनेजरने आपल्याच मेव्हण्याला बक्षीस दिलं. बिचाऱ्यांना मेव्हणाच नव्हता. पण पुढच्या वेळी त्यांनी आंधळं माणूस शोधलं, आणि चिंचवडातच त्यांना रुक्मिणीबाई सापडल्या.

रुक्मिणीबाई पन्नाशीच्या. नवरा गेल्यावर भावाकडे, बबनरावाकडे राहायला आल्या आणि काही वर्षांतच दोन्ही डोळ्यांवर पांढरं आलं. देवीचा कोप झाला असं जाणत्यांनी सांगितलं, अंगारे लावून झाले, मग सगळ्यांनीच तो विषय सोडला. त्या जात्यावर बसायच्या, लसूण सोलायच्या, आणि घरात कोणी मोठ्याने बोललं की ते आपल्यामुळेच असेल असं धरून चालायच्या. कंपनीची नोकरी लागली आणि भावजय विमलबाई पहिला चहा त्यांच्यापुढे ठेवू लागली.

काम तसं थोडं होतं. कंपनीचा शफी, जो कर्ण्यावरून पुकारा करायचा, तो त्यांना हाताला धरून एस.टी.त बसवायचा. मांडवात गेल्यावर त्या बाही कोपराच्या वर सारायच्या, रिकामा पंजा लोकांना दाखवायच्या आणि पिंपात हात घालायच्या. सोडतीआधी माणसं त्यांच्या पाया पडायची. कोणी आपलं तिकीट त्यांच्या तळहाताला लावून न्यायचं. नंबर पुकारला की मात्र एकदम पावलांचा आवाज व्हायचा, आणि मांडव रिकामा होईपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. एकदा एक बाई जवळ येऊन नुसती रडली. "तुमाला काय सांगावं, तुमचा तरी काय दोष," असं म्हणून गेली. त्या दिवशी रुक्मिणीबाईंना जेवण गेलं नाही.

मग चाकणला ते झालं. नंबर निघाल्यावर एक माणूस ओरडला, "ही म्हातारी ढोंगी हाय! हिला सारं दिसतंय!" आणि वर चढून त्याने काडी ओढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. रुक्मिणीबाई हलल्या नाहीत. पापणीही लवली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तो माणूस खाली मान घालून उतरला.

पुढच्या सोडतीला तिकिटं दुपटीने खपली. तेव्हापासून उद्धवरावांनी तो नेमच करून टाकला. शफी कर्ण्यावरून पुकारायचा, "ज्याला शंका असंल त्यानं वर यावं!" कोणीतरी यायचं, काडी ओढायचं.

"बाई, तुम्हाला त्रास होतो हे मला कळतं," उद्धवराव म्हणायचे. "पण लोकांचा विश्वास बसला तरच वॉर्ड उभा राहील."

रुक्मिणीबाईंनी त्यांना एक गोष्ट सांगितली नव्हती. त्यांना उजेड कळायचा. काडी पेटली की धुक्यातून तांबडा डाग पुढे यायचा, गालाला धग लागायची, आणि पापणी मिटू नये म्हणून त्या दातांत गालाचं मांस धरायच्या. आपण खोटं करतोय का, हे त्यांना कळेना.

दापोडीच्या सोडतीला तळेगावच्या दवाखान्यातली नर्स, सुमनताई, पाहुणी म्हणून आली होती. गर्दीने तिलाच काडी ओढायला लावलं. तिने काडी धरली, मग ती एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेली, आणि अगदी जवळ वाकून हळूच विचारलं, "उजेड कळतो ना तुम्हाला?"

रुक्मिणीबाई कुजबुजल्या, "ताई, पाया पडते, बोलू नका. माजी नोकरी जाईल."

"अहो, घाबरता कशाला? कळतो हेच चांगलं. हा मोतीबिंदू आहे, पिकलाय. आमच्याकडे काढतात. दिसेल तुम्हाला."

मांडवात टाळ्या चालूच होत्या. रुक्मिणीबाईंनी पिंपात हात घातला, पण चिठ्ठी कुठली धरावी तेच त्यांना सुचेना.

परतताना एस.टी.त त्यांनी शफीला सारं सांगितलं.

"मावशी, नजर आली तर कंपनी ठेवणार नाही तुम्हाला."

"व्हय. ते मला बी कळतंय."

"मग?"

"मग काय? तुजं तोंड कसलं हाय ते तरी बघंन."

शफी हसला.

घरी बबनराव म्हणाला, "आक्का, या वयात डोळ्याला सुरी लावून घ्यायची? बरं चाललंय की." उत्तर दिलं ते विमलबाईने. चुलीपुढून उठून ती म्हणाली, "त्यांच्या तोंडापुढं रोज कुणीबी काडी धरतंय, अन् तुमी म्हनता बरं चाललंय? मी घिऊन जाते त्यांना." भावजय आपल्या बाजूने बोलेल असं रुक्मिणीबाईंना कधी वाटलं नव्हतं.

उद्धवरावांनी ऐकलं आणि ते खुर्चीत मागे टेकले. "नको कसं म्हणू?" ते म्हणाले. "फक्त दिवाळीची सोडत होऊ द्या. तेवढं करा माझ्यासाठी." ज्याने भाकर दिली त्याला रुक्मिणीबाई नाही म्हणू शकल्या नाहीत.

दिवाळीच्या सोडतीला तळेगावात अलोट गर्दी जमली. शफीने पुकारा केला, पण शंकेचा भाग त्याने गाळला. लोक विसरले नव्हते. "काडी! काडी ओढा!" असा ओरडा सुरू झाला. एक जण पायऱ्या चढून वर आलाही. रुक्मिणीबाईंनी हात पुढे करून त्याला थांबवलं आणि शफीला म्हणाल्या, "त्यो कर्णा हिकडं दे."

"माजं ऐका," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कर्ण्यातून इतका मोठा निघाला की त्या क्षणभर दचकल्या. "मला उजेड कळतो. माणूस दिसत न्हाई, आकडा दिसत न्हाई, पर उजेड कळतो. काडीनं डोळा भाजतो. माजा मोतीबिंदू हाय, आता काढनार हाय. ज्याला इस्वास न्हाई त्यानं माज्या डोळ्याला फडकं बांधावं. काडी न्हाई."

उद्धवराव पिंपाची कड धरून उभे होते. मग समोरून एक म्हातारी उठली, वर आली आणि स्वतःच्या लुगड्याचा पदर रुक्मिणीबाईंच्या डोळ्यांवर धरून उभी राहिली. पिंप फिरलं. नंबर निघाला. पुन्हा कोणी गलका केला नाही.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. विमलबाई शेजारी बसून चमच्याने पेज भरवायची. जाड भिंगांचा चष्मा आला तेव्हा रुक्मिणीबाईंनी प्रथम तिच्याकडेच पाहिलं. "तू किती वाळलीस गं," त्या म्हणाल्या, आणि दोघी रडल्या.

शफी भेटायला आला. त्याच्या तोंडावर देवीचे व्रण होते. त्या नुसत्याच बघत राहिल्या, तेव्हा तो लाजून म्हणाला, "बघा, एवढ्यासाठी नोकरी घालवलीत."

नोकरी गेली, पण सगळी नाही. उद्धवरावांनी सोनबा नावाच्या आंधळ्या माणसाला घेतलं आणि रुक्मिणीबाईंना म्हणाले, "पगार कमी आहे, पण त्याला धरून न्यायला माणूस लागेल." रुक्मिणीबाईंनी एकच अट घातली, काडी बंद. उद्धवराव लगेच हो म्हणाले. जणू कोणीतरी ते बोलावं याचीच ते वाट पाहत होते.

चाकणला रुक्मिणीबाईंनी सोनबाला पिंपाशी उभं केलं आणि पहिल्यांदाच मांडवाकडे पाहिलं. नंबर पुकारला गेला. कुठेतरी मागे एक जण उडी मारून ओरडला. बाकी सगळे आपापल्या हातातल्या तिकिटाकडे पाहत होते, पुन्हा एकदा, वाचण्यात चूक झाली असेल म्हणून. एका बाईने तिकीट नीट घडी करून कमरेला खोचलं. एका पोराने बापाला काहीतरी विचारलं आणि बापाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"गेली का मानसं?" सोनबाने विचारलं. "कुनी बोलत कसं न्हाई?"

"हायती अजून," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "तुमच्यावर न्हाई रागावलेली." आणि त्याचा दंड धरून त्या सावकाश पायऱ्या उतरू लागल्या.