फिकट तुऱ्यांचा अहवाल

बांद्याहून आत डोंगराकडे वळलं की जानकीची वाडी लागते. तिच्या काजूच्या बागेला लागूनच रान सुरू होतं, आणि त्या रानातले कोंबडे ती लहानपणापासून नुसत्या आवाजावरून ओळखायची. म्हणून तर तीन वर्षांपूर्वी पक्ष्यांचा अभ्यास करणारी अनुजा पुण्याहून आली, तेव्हा लोकांनी तिला सरळ जानकीच्या दारात आणून सोडलं. चार दिवसांसाठी आलेली ही मुलगी मग दर हंगामात जानकीच्याच पडवीतल्या खोलीत राहू लागली. तिला ताप आला तेव्हा जानकीने तिला पेज भरवली, आणि दिवाळीला दोघींनी मिळून पोहे कांडले.

अनुजाला रानकोंबड्यांचे तुरे मोजायचे होते. नराचा लालभडक तुरा म्हणजे त्याच्या तब्येतीचा दाखला, असं ती सांगायची. अंगात नरपणाचं हार्मोन भरपूर असलं की तुरा मोठा होतो, रसरसतो. पोटात जंत झाले किंवा जीव सतत धास्तावलेला असला की तो आखडतो, फिका पडतो. मादी तेवढं बघते आणि जोडीदार ठरवते.

"म्हंजे त्येका खोटा बोलूक जमाचाच नाय," जानकी म्हणाली होती. अनुजा खळखळून हसली होती.

काम जानकीच्या हाती बसलं. झऱ्याकडच्या पायवाटेवर कॅमेरे बांधायचे, कोंबड्यांची ताजी विष्ठा स्पिरिटच्या बाटलीत भरायची, वर तारीख लिहायची. अनुजाने तिला सूक्ष्मदर्शकातून जंतांची अंडी ओळखायला शिकवली. दहावीला गणितात नापास झालेली जानकी महिन्याभरात ती न चुकता मोजू लागली.

पहिली दोन वर्षं सगळं ठीक चाललं. तिसऱ्या वर्षी डिसेंबरात वरच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, काळ्या दगडाची खाण सुरू झाली. दुपारी सुरुंग उडाला की जानकीच्या घराची कौलं थरथरायची. जानेवारीत कोंबड्यांचं आरवणं विरळ झालं. फेब्रुवारीतल्या फोटोंत, एरवी जास्वंदीसारखे दिसणारे तुरे धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखे दिसले. जंतांची अंडी मात्र तेव्हा नेहमीइतकीच होती. वाढलं होतं ते ताणाचं हार्मोन, त्याच विष्ठेच्या प्रयोगशाळेतल्या आकड्यांप्रमाणे जवळजवळ दुप्पट. जंत मार्चअखेरीला वाढले.

"आधी सुरुंग, मग ताण," अनुजाने ओट्यावर बसून समजावलं होतं. "ताणाने अंगातली ताकद खचते, आणि मग जंत फोफावतात. क्रम महत्त्वाचा आहे, जानकीताई."

एप्रिलमध्ये ती म्हणाली, गावठी कोंबड्यांचेही नमुने हवेत, नुसते ताडून बघायला. जानकी घरोघर फिरली. शेजारच्या काशीबाईने कपाळाला आठ्या घातल्या.

"कोंब्यांचो गू कित्याक व्हयो गो तुका?"

"अभ्यासाक, काकी. रानातले कोंबे वाचवचे आसत."

"तू सांगतंस म्हणान देतंय," काशीबाई म्हणाली.

मेअखेरीला अनुजा गेली. सुरुवातीला फोन यायचे, मग तेही थांबले. ऑक्टोबरात खाणीला वाढीव जमीन देण्यासाठी जनसुनावणी लागली. शाळेच्या सभागृहात अख्खा गाव जमला. खाणवाल्यांच्या माणसांशेजारी, पहिल्या रांगेत, अनुजा बसली होती. जानकीने हात वर केला. अनुजाने हातातल्या कागदांत मान घातली.

अधिकारी अनुजाच्या अहवालातला निष्कर्ष वाचू लागले. रानकोंबड्यांचे तुरे फिके पडलेत, कारण त्यांच्यात जंतांचा प्रादुर्भाव झालाय. तेच जंत गावातल्या मोकाट कोंबड्यांत आढळलेत. तेव्हा गावकऱ्यांनी कोंबड्या बंदिस्त ठेवाव्यात. खाणीचा परिणाम सिद्ध होत नाही. "हे नमुने," त्यांनी पुढे वाचलं, "स्थानिक सहकारी श्रीमती जानकी यांनी स्वतः घरोघरी जाऊन गोळा केले आहेत."

सभागृहातल्या माना तिच्याकडे वळल्या. काशीबाई हळू आवाजात म्हणाली, "आमच्या दारात येऊन ह्यां केलंस गो तू?"

जानकी उठली आणि अधिकाऱ्यांशी बोलायचं म्हणून पुस्तकी मराठीत बोलू लागली. "साहेब, नमुने मीच आणले. पण जंत मार्चमध्ये वाढलेत. तुरे फेब्रुवारीतच फिके होते. सुरुंग डिसेंबरात सुरू झाले. ताणाचे आकडे यात का नाहीत?"

अधिकाऱ्यांनी पानं चाळली, अनुजाकडे पाहिलं.

"ते नमुने संख्येने कमी होते, म्हणून वगळले," अनुजा म्हणाली. आवाज स्थिर होता. तिने जानकीकडे बघितलं नाही.

बाहेर, गाडीपाशी, जानकीने तिला गाठलं.

"तू कमी म्हणतंस? मी तीन म्हयने थंडीत पाटे उठान भरलेल्यो बाटल्यो त्यो!"

अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिली दोन वर्षं संपल्यावर अभ्यासाला कुणी पैशांची मदत देईना, म्हणाली. खाणवाल्यांनी दिली. नाहीतर सगळंच बंद पडलं असतं. "मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही, ताई."

"मगे माका आदी कित्याक सांगूक नाय? गावठी कोंब्यांचे नमुने मागलंस, त्येच्या आदी?"

अनुजाने गाडीचं दार उघडलं. जानकीला कळून चुकलं: एप्रिलमध्ये पडवीत जेवताना, भातावर सोलकढी ओतून घेताना, हिला सगळं ठाऊक होतं.

ती माघारी सभागृहात गेली आणि कोरा कागद मागून घेतला. अहवालात माझं नाव माझ्या संमतीशिवाय घातलं आहे, ते काढावं. नमुन्यांच्या तारखा मी लेखी देते, त्या नोंदवून घ्याव्यात. प्रत्येक महिना तिने आठवून लिहिला. अधिकाऱ्यांनी कागदावर शिक्का मारला आणि पोच दिली.

खाणीला जमीन मिळाली. परवानगीत एवढीच अट आली की कोंबड्यांच्या विणीच्या काळात, फेब्रुवारी ते मे, सुरुंग लावायचे नाहीत आणि तुऱ्यांची तपासणी दुसऱ्या कुणाकडून पुन्हा करून घ्यायची. अट पाळतील की नाही, कुणी सांगावं. कोंबड्या कोंडण्याचा मुद्दा कागदावरच राहिला, पण काशीबाईने महिनाभर कुंपणापलीकडून हाक मारली नाही. जानकी एके सकाळी स्वतःच तिच्या ओट्यावर जाऊन बसली आणि घडलं ते सगळं सांगितलं. काशीबाईने ऐकून घेतलं.

"तुका फशिवल्यान," शेवटी ती म्हणाली. "पण माझ्या दारात तू इल्लंस. तां माका इसरूक येना नाय."

जानकीने मान हलवली.

नव्या वर्षात अनुजाचं पत्र आलं, चांगलं चार पानी. जानकीने ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात माफी होती, प्रेम होतं, पुण्याला येण्याचं आमंत्रण होतं. वगळलेले आकडे छापायला देते, असं कुठेच नव्हतं. तिने पत्र घडी करून पाकिटात घातलं आणि त्याच पत्त्यावर परत पाठवलं.