आधी खूण

खोटं कशाला बोलू, जाऊबाई आमच्याच ऑफिसात अर्ज करतेय म्हटल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जुन्या पुस्तकांचा मजकूर कॉम्प्युटरवर चढवायचं ते ऑफिस. मी तिथे दोन वर्षं रोजंदारीवर राबत होते, आणि आता कुठे एक कायम जागा निघाली होती. तर ही बया, पदवीवाली, कागदपत्रांची फाईल छातीशी धरून हजर. ऑफिसच्या मुख्य बाईसाहेबांनी दोघींना एकेक पुस्तक दिलं. आठ दिवसांत जिचं काम चोख, तिची जागा.

घरातही सगळं तिचंच. ती बोलते छान, तिला बँकेतलं कळतं, पाहुणे आले की तिला पुढे बसवतात आणि मला चहा टाकायला सांगतात. मी दहावी. त्या घरात मला एकच गोष्ट तिच्यापेक्षा जास्त येत होती, आणि ती मला सासऱ्यांनी शिकवली होती.

सासऱ्यांची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. अजूनही घरात आलेला प्रत्येक कागद, अगदी औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा, लाल पेन्सिल घेऊन वाचतात. मला म्हणाले होते, "नेमणुकीचं पत्र आलं की आधी माझ्याकडे आण. चूक सापडली तर तुझ्या बाईसाहेबांना परत पाठवू." नोकरी तर हवीच होती, पण ते पत्र त्यांच्यापुढे ठेवायचं, एवढंच डोक्यात होतं माझ्या.

आमचं काम वरून सोपं दिसतं. पानावरून उचललेला मजकूर कॉम्प्युटरवर येतो तो ओळीओळीला तुटून. पानावर जिथे ओळ संपली, तिथे इथेही एंटर बसलेला. वाक्य अर्ध्यात खाली पडतं. ते सगळे एंटर एका फटक्यात काढता येतात. पण परिच्छेद संपतो तिथे दोन एंटर असतात, आणि तिथे आधी खूण ठेवावी लागते. मी दोन फुल्या ठेवते. मग बाकीचे एंटर झाडायचे, मग फुल्यांच्या जागी पुन्हा एंटर. खूण विसरलात की अख्ख्या पुस्तकाचा लगदा.

मी विसरले होते, दोन वर्षांपूर्वी, पहिल्याच आठवड्यात. चार दिवस त्या लगद्यातल्या चुका दुरुस्त केल्यावर कळलं. घरी येऊन दारातच रडत उभी होते. सासरे चपला काढता काढता म्हणाले, "घाबरू नकोस. आधी खूण, मग झाडू." पूर्ण संध्याकाळ माझ्याशेजारी बसले.

जाऊबाई पुस्तक मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आली. "ताई, हे एंटर कसे काढायचे हो?"

"सगळे एकदम शोधायचे आणि त्यांच्या जागी मोकळी जागा टाकायची. झालं."

पाच मिनिटांत परत आली. "सगळं एकाला एक चिकटलंय. असंच असतं का?"

सांगता आलं असतं. मूळ मजकूर शाबूत होता, एका मिनिटाचं काम होतं.

"असंच असतं," मी म्हणाले. "परिच्छेद पुढे मांडणीवाले पाडतात. तू चुका बघ."

बघितल्या तिने. सहा दिवस मान मोडून. कुठे 'घ'चा 'ध' झालेला, कुठे काना गळालेला, एकही चूक सोडली नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवायची. त्याचाच मला जास्त राग यायचा. वाटायचं, एवढी शिकलेली ना तू, मग दुसऱ्या कुणाला विचार की.

आठव्या दिवशी बाईसाहेबांनी तिची फाईल उघडली आणि खाली खाली सरकवत गेल्या. तीनशे पानं, एकच परिच्छेद.

"हे वाचायचं कुणी?" त्या म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नका."

तिने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या स्क्रीनकडे. दुपारी माझं पत्र हातात आलं.

संध्याकाळी घरी पोचले तर ती सासऱ्यांसमोर बसलेली, लॅपटॉपवर तीच फाईल उघडी. मला बघूनही थांबली नाही.

"मी विचारलं होतं, बाबा. ताई म्हणाल्या, असंच असतं."

सासऱ्यांनी चष्मा काढला. "खूण सांगितली नाहीस तिला?"

"नाही सांगितली," मी म्हणाले. "मुद्दाम नाही सांगितली. तिला सगळं आयतं मिळतं. मला एवढं एकच हवं होतं." आवाज चढला होता माझा. लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा काही वाटली नाही.

"तुमच्या पोटात विष आहे, ताई," जाऊबाई म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी पर्समधून पत्र काढून सासऱ्यांसमोर ठेवलं. लाल पेन्सिल तिथेच होती, पेपरवर. त्यांनी पाकीट उघडलं नाही. दोन बोटांनी माझ्या बाजूला सरकवलं आणि आपली खुर्ची तिच्या शेजारी ओढली.

"नोकरी गेली तर गेली, काम शिकून ठेव," ते तिला म्हणाले. "घाबरू नकोस. आधी खूण, मग झाडू."

मी पत्र उचललं आणि आत जाऊन एकटीनेच वाचलं. दुसऱ्याच ओळीत चूक होती, तारीख मागच्या वर्षाची पडली होती. मी बाहेर जाऊन कुणाला सांगितलं नाही.