त्या हिवाळ्यातला कंपायलर

"आधी सांग, तू कुठे आहेस. मग सांग, इथवर तुला कुणी आणलं. पुढचं पाऊल त्यानंतर."

सी ताहर यांचा, म्हणजे ताहरसाहेबांचा, हा आवाज नझीहाच्या कानात अजून तसाच होता. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ते तिच्या खुर्चीमागे उभे राहून बोलले होते. आवाज तंबाखूने खरवडलेला, पण आत कुठेतरी ओल धरलेला. पडद्यावर एक प्रोग्राम मधेच थांबवलेला होता आणि ती बावरून नुसत्याच कळा दाबत सुटली होती. "अगं पोरी, धावतेस कशाला? डीबगर म्हणजे घोडा नव्हे, कंदील आहे. तो एकेक पाऊल उजळून दाखवतो. आणि एकदा का तो खोटं बोलला, की त्यापेक्षा अंधार बरा."

तेव्हा सी ताहर यांचे केस काळे होते. आता डिसेंबरात ते निवृत्त होऊन तस्तूर गावी, आपल्या डाळिंबांच्या बागेत, कायमचे राहायला जाणार होते. राजधानीजवळच्या अरियानातल्या त्या चौथ्या मजल्यावर एका जर्मन कंपनीसाठी डीबगर, म्हणजे प्रोग्राम पावलापावलाने चालवून त्यातली चूक शोधायचं अवजार, घडवला जायचा. तिथली प्रमुखाची खुर्ची सी ताहर यांच्यामागे कुणाला, हे ते जर्मन गिऱ्हाईक ठरवणार होतं. नावं दोनच होती. नझीहा आणि शुक्री.

दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले. समोरासमोरच्या टेबलांवर बसून दोघांच्या कानशिलांवर पांढरं आलं. थंडीत खालच्या टपरीवरून लबलाबीचे वाडगे आणायचे, शिळा पाव तोडून चण्याच्या गरम रश्श्यात बुडवायचा, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हरिसाची तिखटजाळ चटणी कोण खातो यावर पैज लावायची, असे ते दिवस. मग खुर्चीचं बोलणं सुरू झालं आणि त्या मैत्रीत वाळू शिरली. घासाघासाला दाताखाली यायला लागली.

नझीहा बैठकीत बोलू लागली की माणसं घड्याळ बघत. शुक्री बोलू लागला की खुर्च्या पुढे ओढत. तो हसवायचा, कुणाच्या पोराचं बारसं, कुणाच्या आईचं दुखणं विसरायचा नाही. हे सगळं ती वर्षानुवर्षं बघत आली होती आणि तिला त्याचा राग कधी आला नव्हता. यंदा आला.

तिच्याकडे मिरवावं असं एकच काम होतं, पण ते अस्सल होतं. माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर, तो मोठा घाईचा. एखादं लहानसं फंक्शन, म्हणजे कोडचा नाव दिलेला तुकडा, दिसलं की त्याला हाक मारायचेही कष्ट तो घेत नाही. त्याचा सगळा जीव काढून मोठ्या फंक्शनच्या पोटात ओततो, चहात साखर ओतावी तसा. या धंद्यात त्याला इनलाइन करणं म्हणतात. यंत्र जोरात पळतं, पण त्या लहानग्याचं दार जातं, उंबरा जातो, नावही जातं. मागून माणूस पाऊल पाऊल टाकत येतो आणि विचारतो, माझं लहानगं कुठे गेलं? तेव्हा डीबगरने त्या गोड चहातून साखरेचा दाणा वेगळा करून दाखवायचा असतो. हे बघ, आत्ता तू याच्यात आहेस, अमक्या ओळीवरून आलास. आत शिरायची कळ दाबली तर आत न्यायचं, ओलांडायची दाबली तर अख्खं ओलांडायचं. नझीहाने ते जमवलं होतं. त्यानंतर जर्मनांनी पहिल्यांदा तिचं नाव नीट उच्चारलं.

या कामावर राखणदार म्हणून एक चाचणी बसवलेली होती. ती शुक्रीने लिहिली होती. रोज सकाळी ती आपोआप चालायची आणि रोज हिरवी यायची, म्हणजे सगळं ठीक.

ऑक्टोबरात नवा कंपायलर आला. सगळ्या चाचण्या त्याच्यावर चालवून बघायचं काम नझीहाकडे आलं. सगळ्या हिरव्या आल्या. फक्त शुक्रीच्या त्या चाचणीपाशी नव्या कंपायलरने पिवळ्या अक्षरांत कुरकुर केली होती. तुम्ही हे फंक्शन विरघळवा म्हणता, आणि वरच्याच ओळीत विरघळवू नका म्हणता, मी ऐकू कुणाचं?

नझीहाने ती ओळ उघडली. खरोखरच लहान फंक्शनच्या डोक्यावर एक खूण होती. कंपायलरला बजावणारी, याला हात लावू नकोस, याला वेगळंच राहू दे.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. म्हणजे हे फंक्शन कधी विरघळलंच नव्हतं. साखर चहात पडलीच नव्हती, बशीत कोरडी पडून होती, आणि डीबगर रोज सकाळी तिच्याकडे बोट दाखवून शाबासकी घेत होता. वेगळं उभं असलेलं फंक्शन काय, कुठलाही डीबगर ओळखतो. तिच्या कामाची परीक्षा इतकी वर्षं कुणी घेतलीच नव्हती.

खूण कुणी टाकली, कधी टाकली, ते बघायला वेळ लागला नाही. नाव शुक्रीचं होतं. महिना फेब्रुवारी. कुठला फेब्रुवारी ते वर्ष बघताच कळलं. त्या जानेवारीत तिचे वडील गेले होते आणि चाळिसाव्या दिवसाचा विधी होईपर्यंत ती काफला माहेरी होती.

मी पाठ फिरवली, तिच्या मनात आलं, आणि याने हे केलं.

तिने खूण पुसली आणि नव्या कंपायलरने चाचणी पुन्हा चालवली. कळ दाबली, पाऊल पडलं. डीबगर विरघळलेल्या फंक्शनमध्ये अलगद शिरला, त्याचं नाव घेतलं, आलेली वाट सांगितली, आणि अलगद बाहेर आला. हिरवा. तिचा कोड लखलखीत होता. मग खुणेची गरज काय होती? आळस. दुसरं काय असणार?

"लल्ला नझीहा," समोरून शुक्री बाईसाहेबांना हाक मारावी तशा थाटात म्हणाला. सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता, टरफलांची टेकडी झाली होती. "असा चेहरा का? कंपायलरने लग्नाला नकार दिला की काय?"

"काही नाही रे."

"काही नाही म्हणताना तुझी डावी भुवई वर जाते. काहीतरी आहे. बिया घे, डोकं थंड होईल."

"नको म्हटलं ना."

"बरं बाई, नको तर नको. मी मेलो तरी रडायला ये म्हणजे झालं."

ती हसली नाही. खरं तर तेव्हाच विचारायचं. चार पावलांवर माणूस बसला होता, त्याला विचारायचं, शुक्री, ही खूण कशाला टाकलीस रे? पण तिने पडदा मिटला आणि ते विचारणं गुरुवारच्या बैठकीसाठी राखून ठेवलं, सणासाठी मांस खारवून ठेवावं तसं.

गुरुवारी जर्मनीहून गिऱ्हाईक कंपनीतली एल्के पडद्यावर आली. चष्मा कपाळावर, हातात मोठा कप. सी ताहर टेबलाच्या टोकाला बसले होते. शुक्रीने आल्या आल्या एल्केच्या मांजराची चौकशी केली आणि एल्के हसली. नझीहाने वाट पाहिली. मग एल्केने विचारलं, "इनलाइन फंक्शनमधून पावलं टाकणं कितपत भरवशाचं आहे? आमची बरीच गिऱ्हाइकं त्यावर विसंबून आहेत."

"कोड भरवशाचा आहे," नझीहा म्हणाली. "चाचणी नाही. दाखवते."

आणि तिने दाखवलं. प्रोग्राम मधे थांबवला, यंत्राच्या भाषेतली ती हाक दाखवली, जी तिथे असायलाच नको होती. खूण दाखवली. मग खूण काढून, नव्या कंपायलरने, स्वतःचा कोड पाऊल पाऊल चालवून दाखवला. त्या दिवशी कुणी घड्याळ बघितलं नाही.

"ही खूण कुणी टाकली?" एल्केने चष्मा डोळ्यांवर घेतला.

नाव पडद्यावर दिसत होतं. नझीहाने ते तोंडाने घेतलं नाही, आणि हा आपला मोठेपणा आहे असं तिला त्या क्षणी वाटलं.

"मी," शुक्री म्हणाला.

"कारण?"

त्याने नझीहाकडे पाहिलं. रागाने नाही. बाजारात आपलं लहान मूल हरवलेलं असावं आणि दुसऱ्याच्या बोटाला धरून चाललेलं दिसावं, तशा नजरेने.

"घाई होती," तो म्हणाला.

"इतकी वर्षं घाई होती?"

शुक्रीने आपली वही मिटली.

बैठक सुटल्यावर सी ताहर यांनी नझीहाला जिन्यात थांबवलं.

"त्याच्याशी आधी बोलली होतीस?"

"नाही."

"हं." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "काम चोख केलंस. मी शिकवलं तसंच केलंस." आणि ते जिना उतरत गेले. एवढं कौतुक तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि तरी ते तिला गोड लागलं नाही.

खुर्ची तिला मिळाली. कुणीतरी कैरवानहून मक्रूद आणले, रव्याचे, मधात निथळणारे, आत खजूर भरलेले. सगळ्यांनी बोटं चाटत खाल्ले. शुक्रीनेही खाल्ले. "मब्रूक, लल्ला नझीहा," तो अभिनंदन करत म्हणाला, "आता रजा मागायला तुझ्याच दारात यायचं." पण रजा मागायची वेळ त्याच्यावर आली नाही. चाचण्यांचं सगळं काम त्याच्याकडून काढून घ्या असं जर्मनांनी कळवलं. त्याला बसायला टेबल राहिलं, करायला काम राहिलं नाही. दोन-तीन आठवडे तो बिया सोलत बसला आणि मग त्याने राजीनामा दिला. बिझर्तला मेहुण्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे जाणार म्हणाला.

शेवटच्या दिवशी दुपारी ती त्याला शोधत खाली आली. निलगिरीच्या सावलीतल्या टपरीवर तो एकटा बसला होता. समोर कापुसँचा, दुधाचा थेंब घातलेल्या कॉफीचा, छोटा पेला, पायाशी खोका. खोक्यात त्याचा कप, एक स्वेटर, आणि मुलीने काढलेलं उंटाचं चित्र.

"बस ना," तो म्हणाला. "प्रमुख बाईंनी आमच्यासारख्यांच्या टेबलावर बसलं तर चालतं का?"

"टोमणे मारायचे असतील तर जाते."

"अगं बस. कॉफी मी पाजतो. शेवटची."

ती बसली. टपरीवाल्याने न विचारताच तिची कॉफी आणली. रस्त्यावरून शाळेची पोरं ओरडत गेली. बोलायला काही सुचेना, म्हणून तिने तेच काढलं जे काढायचं नव्हतं.

"मला एकदा विचारलं असतंस तर..."

"काय विचारलं असतं?"

"खूण टाकण्याआधी. मी काफला होते, चंद्रावर नव्हते. फोन होता माझ्याकडे."

"होता."

"मग?"

"सोड ना, नझीहा. झालं ते झालं. दुकानात सावली आहे, समुद्र जवळ आहे. मेहुणा घोरतो, एवढंच."

"सोडणार नाही. सगळ्यांना वाटतं मी तुझा गळा कापला. सी ताहर माझ्याशी कामापुरतं बोलतात. सकाळी मी आत आले की हसणं थांबतं." तिचा आवाज चढला. टपरीवाला कप विसळायचा थांबला. "मी खोटं काय बोलले ते सांग. एक शब्द सांग."

"एकही नाही. सगळं खरं बोललीस."

"माझ्या कामाच्या राखणीला तुला बसवलं होतं, शुक्री. आणि तू झोपलास. आळशीपणाने झोपलास, आणि वर इतकी वर्षं माझ्याबरोबर एका वाडग्यात खाल्लंस."

शुक्रीने पेला खाली ठेवला. आळशी हा शब्द त्याला लागला असावा. इतक्या दिवसांत काहीच लागल्याचं त्याने दाखवलं नव्हतं. त्याने खोक्यातल्या स्वेटरची उगाच नीट घडी केली, पुन्हा ठेवला.

"खूण काढून तू कुठल्या कंपायलरने चालवलंस?"

"नव्या. तिथे दाखवलंच की."

"जुन्याने नाही?"

"जुन्याने कशाला? आता कोण..." ती थांबली.

"वर जा. त्या हिवाळ्यातला कंपायलर अजून माझ्या जुन्या यंत्रावर आहे. तो लाव, खूण काढ आणि चालव. लहानगं मोठ्याच्या अगदी पहिल्या ओळीवर असलं की तुझा डीबगर आत शिरतच नाही. शिरायची कळ दाबली तरी ओलांडून जातो, आणि मधे कुणी नव्हतंच असं सांगतो. नव्या कंपायलरने ओळींची नोंद नीट केली म्हणून तुझी चूक झाकली गेली. जर्मनांच्या कितीतरी गिऱ्हाइकांकडे अजून जुनाच आहे. त्यांचे फोन यायचे ते मी घ्यायचो, कंपायलर बदला म्हणायचो."

तिने कॉफीचा पेला बाजूला सरकवला.

"दुरुस्त करायला बसलो होतो. तुझा कोड, मला कुठला उमगायला! सगळीकडे लाल यायचं आणि लाल ओळीत तुझं नाव. आठवडाअखेर माल पाठवायचा होता. एल्केच्या जागी आधी असलेला तो म्हातारा तेव्हाच म्हणत होता, हे बाईला जमायचं नाही, दुसऱ्याला द्या. मी काफला फोन केला होता. तुझ्या आईने उचलला. म्हणाली, पोरीने कालपासून घासभर कुसकुस खाल्लेला नाही, बापाच्या कोटाला धरून बसली आहे, निरोप काय देऊ? मी म्हटलं, काही नाही आई, सहज केला होता. फोन ठेवला आणि खूण टाकली, म्हणजे लाल जाईल आणि काम तुझ्याकडेच राहील."